आठ जीबी, बारा जीबी की सोळा? एका वास्तुचित्रण कार्यालयातील ग्राफिक्स कार्ड खरेदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४ च्या सुरुवातीचे असून पुण्यातील एका लहान कार्यालयातील आहे. ओळख पटू नये म्हणून कार्यालयाचे, भागीदारांचे आणि विक्रेत्याचे नाव दिलेले नाही. बांधकाम व्यावसायिकांना आणि अंतर्गत सजावटकारांना इमारतींची, सदनिकांची आणि सोसायट्यांच्या परिसराची वास्तवदर्शी चित्रे तयार करून देणे हा या कार्यालयाचा व्यवसाय. मॉडेलिंगपासून (त्रिमितीय आकार घडवण्यापासून) अंतिम रेंडरपर्यंतचे (त्या आकारांचे चित्र बनवण्यापर्यंतचे) सगळे काम ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये, सायकल्स या रेंडर इंजिनावर चालत असे.

कार्यालयात चार संगणक होते. चारही एकाच वेळी घेतलेले आणि एकाच बांधणीचे : रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) आणि जीटीएक्स १६६० सुपर हे ६ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड. प्रत्येक टेबलाखाली नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस होता. हा तपशील येथे कंटाळवाणा वाटला, तरी पुढचे निर्णय यातल्याच गोष्टींपाशी अडले, आणि एक गोष्ट तर निर्णय झाल्यानंतर आडवी आली.

अडचण

अंतर्गत सजावटीची कामे होती तोवर ६ जीबी मेमरी पुरत होती. मोठ्या गृहप्रकल्पांची बाह्यदृश्ये येऊ लागली, तसे सीन जड होऊ लागले : झाडे, गवत, गाड्या, फरसबंदी आणि प्रत्येक पृष्ठभागावर ४के टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवलेले चित्र). सायकल्समध्ये कार्डची मेमरी भरली, की शक्य असेल तिथे उरलेला भाग संगणकाच्या रॅममध्ये ठेवला जातो आणि रेंडर मंदगतीने का होईना, चालू राहतो. काही सीन असे रेटले जात. काही मात्र मेमरी संपल्याचा संदेश देऊन बंद पडत, आणि मग तेच काम प्रोसेसरवर रात्रभर लावून ठेवावे लागे. ग्राहकाने सायंकाळी सांगितलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवता येत नाही, ही तक्रार भागीदारांपर्यंत पोहोचल्यावर नवी कार्डे घेण्याचे ठरले. त्यांनी एक रक्कम निश्चित केली. साधारण चार मध्यम कार्डे तीत बसतील, असा अंदाज होता.

तुलनेचा पहिला तक्ता

कार्यालयातील एका तरुण सहकाऱ्याने मेहनतीने तक्ता केला. त्यात कोअरची (गणित करणाऱ्या एककांची) संख्या, क्लॉक (त्यांच्या ठोक्यांची गती), टेराफ्लॉप्स (सेकंदाला लाख कोटी क्रिया), वीजवापर, पिढी आणि खेळांतील सरासरी फ्रेमसंख्या असे रकाने होते. त्या भावपट्टीत दोन कार्डे शेजारी शेजारी बसत होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेले आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचे कार्ड, आणि जून २०२३ मध्ये आलेले आरटीएक्स ४०६० हे ८ जीबीचे. दोघांच्या किमतीत दोन-तीन हजारांचाच फरक होता.

तक्त्यानुसार निर्णय सोपा होता. ४०६० मध्ये कोअर ३,०७२ आणि ३०६० मध्ये ३,५८४ असले, तरी नव्या कार्डचा क्लॉक बराच वर, सुमारे २.४६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. प्रत्येक कोअर एका ठोक्यात गुणाकार आणि बेरीज अशा दोन क्रिया करतो असे धरून कोअर, क्लॉक आणि २ यांचा गुणाकार केला, की टेराफ्लॉप्स मिळतात : ४०६० साठी १५.१ आणि ३०६० साठी १२.७. वीजवापर ११५ वॅट विरुद्ध १७० वॅट. १०८०पी वर खेळांत नवे कार्ड साधारण १५ ते २० टक्के पुढे. ब्लेंडरच्या सार्वजनिक बेंचमार्कमध्येही ४०६० स्पष्टपणे वर होते. चार ४०६० घ्यावीत, असा प्रस्ताव भागीदारांपुढे गेला.

तक्त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. पण टेराफ्लॉप्स हा कागदावरचा गुणाकार आहे आणि वेगवेगळ्या रचनेच्या कार्डांमध्ये तो जसाच्या तसा तोलता येत नाही, ही खबरदारी तक्त्यात कुठे दिसत नव्हती. जुन्या १६६० सुपरचे ५ टेराफ्लॉप्स आणि ३०६० चे १२.७ यांची तुलना केली, तर खेळांत अडीचपट वेग मिळायला हवा. तसा तो मिळत नाही, कारण ३०६० ज्या अँपिअर रचनेचे आहे तिच्यापासून पूर्णांकाच्या गणितासाठीही वापरले जाणारे एकक दशांश गणिताच्या कोअरमध्ये मोजले जाऊ लागले आणि कोअरची संख्या एकदम फुगली. सायकल्समध्ये परिस्थिती बरोबर उलटी. १६६० सुपरमध्ये किरणमागासाठीची (रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढण्याची) स्वतंत्र यंत्रणाच नाही आणि आरटीएक्स मालिकेत ती आहे, त्यामुळे ती यंत्रणा वापरणारा ऑप्टिक्स हा पर्याय निवडल्यावर मिळणारी वाढ टेराफ्लॉप्सच्या प्रमाणापेक्षाही जास्त असू शकते. म्हणजे तोच आकडा एका कामात फायदा फुगवून दाखवतो आणि दुसऱ्या कामात कमी करून दाखवतो.

उत्पादक छापतो तो तपशीलही नेहमी पुरेसा नसतो. २०१४ च्या जीटीएक्स ९७० वर ४ जीबी मेमरी लिहिलेली होती आणि ती खरोखर होतीही. पण तिच्यातला शेवटचा अर्धा जीबी उरलेल्या साडेतीन जीबीपेक्षा फार हळू होता, आणि आधी प्रसिद्ध केलेली ६४ आरओपी (पिक्सेल लिहिणारी एकके) व २ एमबी एल२ कॅशे (चिपमधलीच जलद मेमरी) ही संख्या प्रत्यक्षात ५६ आणि १.७५ एमबी होती, हे जानेवारी २०१५ मध्ये उघड झाले. अमेरिकेत त्यावर दावा झाला आणि २०१६ मध्ये जीटीएक्स आणि आरटीएक्स कार्डांची उत्पादक एनव्हिडिया हिने प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड मान्य केली.

पहिला निर्णयबिंदू : काम कशापाशी अडते?

प्रस्तावावर सही होण्याआधी ज्येष्ठ भागीदार बाईंनी विचारले, "आपलं काम वेग कमी म्हणून अडतंय की मेमरी कमी म्हणून?" या प्रश्नाचे उत्तर तक्त्यात नव्हते. तंत्राची बाजू पाहणाऱ्या बाहेरच्या सल्लागाराला बोलावण्यात आले आणि त्याने पहिल्यांदा कार्डांकडे न पाहता कार्यालयातला सर्वांत जड सीन मागितला. तो एका सोसायटीच्या प्रवेशद्वाराचा होता. रेंडर करताना ब्लेंडर दाखवतो ती कमाल मेमरी साडेनऊ जीबीच्या आसपास भरली.

ही मेमरी कुठे जाते, याचा हिशेब कागदावरही मांडता येतो. ४के टेक्श्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल. प्रत्येकासाठी चार बाइट धरले, तर ६,७१,०८,८६४ बाइट, म्हणजे बरोबर ६४ एमबी होतात. डिस्कवर जेपीजी फाइल चार-पाच एमबीची दिसते म्हणून कार्डवरही ती तेवढीच जागा घेईल, हा समज अनेक कलाकारांमध्ये असतो. रेंडरच्या वेळी ती पूर्ण उलगडली जाते. एका मटेरियलला रंग, खडबडीतपणा, नॉर्मल आणि डिस्प्लेसमेंट असे चार नकाशे (म्हणजे चार टेक्श्चर) असतील आणि चारही रंगीत फाइल म्हणून जतन केले असतील, तर एकट्या मटेरियलला २५६ एमबी लागते. तीस मटेरियलांना साडेसात जीबी लागते. भूमितीचा हिशेब त्यानंतर सुरू होतो.

येथे ४०६० चा प्रस्ताव डळमळीत झाला. ८ जीबीमधून विंडोज, दुसरा मॉनिटर आणि उघडा ब्राउझर काही भाग आधीच घेतात. उरलेल्यात साडेनऊ जीबीचा सीन बसणार नाही, हे उघड होते. तो बसला नाही तर काय होते, याची दुसरी बाजू मात्र सहसा दुर्लक्षित राहते. ४०६० हे कार्ड सोळा लेनच्या (माहिती वाहणाऱ्या सोळा वाटांच्या) स्लॉटमध्ये बसत असले, तरी जोडणी आठच लेनची वापरते. पीसीआयई या जोडणीच्या ४.० आवृत्तीवर त्याने फारसे बिघडत नाही. या कार्यालयातील बी४५० मदरबोर्ड पीसीआयई ३.० चे होते आणि त्यावर आठ लेनमधून एका दिशेने सेकंदाला जेमतेम ८ जीबी माहिती जाते. कार्डची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी वेगाने वाचता येते. म्हणजे मेमरीत न मावलेला भाग सुमारे ३४ पट अरुंद वाटेने येणार. ३०६० सोळा लेन वापरते, त्यामुळे तीच वाट तिथे दुप्पट रुंद आहे; शिवाय १२ जीबीमुळे तिची गरज मुळात कमी पडते.

ओळखीच्या दोन ठिकाणी ही दोन्ही कार्डे उपलब्ध होती. तिथे कार्यालयातला एक हलका आणि हा जड असे दोन सीन चालवून पाहिले. हलक्या अंतर्गत दृश्यात ४०६० बेंचमार्कप्रमाणेच पुढे राहिले. सोसायटीच्या सीनमध्ये ते ३०६० च्या बरेच मागे पडले. तरुण सहकाऱ्याला याचे मनापासून आश्चर्य वाटले. नव्या पिढीचे कार्ड जुन्यापेक्षा हळू कसे, हे त्याने दोनदा चालवून तपासले.

तपासलेले पर्याय

चार आरटीएक्स ३०६० घेणे हा आता सरळ पर्याय वाटू लागला. कोटेशन मागवल्यावर एक नवी गुंतागुंत पुढे आली. विक्रेत्याच्या कागदावर फक्त "आरटीएक्स ३०६०" असे लिहिले होते आणि भाव आश्चर्यकारकरीत्या कमी होता. चौकशी केली तेव्हा ती ८ जीबीची आवृत्ती निघाली. २०२२ च्या अखेरीस त्याच नावाने आलेल्या या कार्डमध्ये कोअर तेवढेच, ३,५८४ आहेत. पण मेमरीचा मार्ग १९२ ऐवजी १२८ बिटांचा आणि वेग ३६० ऐवजी सेकंदाला २४० जीबी आहे. कोअर मोजणाऱ्या तक्त्यात ही दोन कार्डे एकसारखी दिसतील. विक्रेत्याने फसवले असे म्हणता येत नाही, कारण नाव दोघांचेही तेच आहे. मात्र कोटेशनमध्ये मेमरी आणि बिट लिहून घेण्याचा आग्रह या कार्यालयाने त्यानंतर धरला. १२ जीबीची आवृत्ती मिळत होती, पण चारांचा साठा एका ठिकाणी नव्हता.

एका भागीदाराने सुचवले, की एकाच संगणकात दोन ३०६० बसवली, तर २४ जीबी मिळतील. हा गैरसमज इतका पसरलेला आहे, की त्याचा स्वतंत्र उल्लेख करणे भाग आहे. सायकल्स अनेक कार्डांवर काम वाटून देते, परंतु प्रत्येक कार्डवर पूर्ण सीन स्वतंत्रपणे उतरवला जातो. मेमरी एकत्र करण्यासाठी एनव्हीलिंक ही कार्डे एकमेकांना जोडणारी सोय लागते आणि ती ३०६० वर नाही. त्याच कारणाने नव्या कार्डशेजारी जुने १६६० सुपर ठेवूनही जड सीनमध्ये काही साधत नाही. ६ जीबीची अडचण तिथेच राहते.

एएमडी या दुसऱ्या उत्पादकाचे आरएक्स ७६०० एक्सटी हे १६ जीबीचे कार्ड जानेवारी २०२४ मध्ये नुकतेच आले होते आणि मेमरीमागे पडणारा भाव पाहता ते सर्वांत आकर्षक होते. खेळांसाठी ते विचारात घेण्याजोगे ठरले असते. सायकल्समध्ये मात्र एएमडीची कार्डे ज्यावर चालत त्या ओपनसीएलचा आधार २०२१ च्या अखेरीस आलेल्या ब्लेंडर ३.० पासून काढला गेला आणि एएमडीसाठी हिप हा वेगळा मार्ग आला. या मार्गावरची कार्डे तेव्हा ऑप्टिक्सवर चालणाऱ्या त्याच भावाच्या एनव्हिडिया कार्डांच्या बरीच मागे राहत. पर्याय वगळण्यात आला, आणि ते योग्यच होते असे वाटते.

आरटीएक्स ४०७० चा वेग मोहात पाडणारा होता : ५,८८८ कोअर आणि सेकंदाला ५०४ जीबी. पण मेमरी १२ जीबीच, वीज २०० वॅट आणि शिफारस ६५० वॅटच्या एसएमपीएसची. ठरलेल्या रकमेत दोनसुद्धा ओढूनताणून बसली असती. जुनी वापरलेली कार्डे पक्क्या बिलाशिवाय मिळत होती. १८ टक्के जीएसटीची वजावट आणि वॉरंटी दोन्ही जाणार, म्हणून तो विषय लगेच संपला. भाड्याच्या रेंडर फार्मवर ग्राहकांचे आराखडे चढवायला भागीदार तयार नव्हते.

उरले आरटीएक्स ४०६० टीआय, १६ जीबी. या कार्डची परीक्षणांतील प्रतिमा वाईट होती. जुलै २०२३ मध्ये ते ४९९ डॉलरला आले, म्हणजे त्याच नावाच्या ८ जीबीच्या भावंडापेक्षा १०० डॉलर महाग. आणि कोअर, १२८ बिटांचा मार्ग व सेकंदाला २८८ जीबीचा वेग सगळे तेच. बहुतेक खेळांत दोन्हींत नाममात्र फरक दिसतो. त्याआधीच्या ३०६० टीआय या कार्डचा मेमरीवेग तर ४४८ जीबी होता. नव्या कार्डातील ३२ एमबी एल२ कॅशे ती उणीव पुष्कळशी भरून काढते, पण रिझोल्यूशन वाढले की आघाडी आटते. खेळणाऱ्याने हे कार्ड घेऊ नये, हा परीक्षकांचा निष्कर्ष त्यांच्या कसोटीपुरता बरोबरच होता.

या कार्यालयाची कसोटी वेगळी होती. सीन मेमरीत पूर्ण बसल्यावर सायकल्स प्रामुख्याने कोअर आणि किरणमागाच्या यंत्रणेवर चालते, आणि तिथे ४,३५२ कोअर व २२ टेराफ्लॉप्स असलेले हे कार्ड ३०६० च्या बरेच पुढे आहे. त्याचा भाव ३०६० च्या दीडपटीहून थोडा जास्त होता. लागोपाठच्या दोन पिढ्यांच्या या जवळपास सारख्या रचनांमध्ये रेंडरचा वेगही साधारण टेराफ्लॉप्सच्या प्रमाणात वाढतो असे धरले, तर रुपयामागे मिळणारा वेग सारखा आणि मेमरी ४ जीबी जास्त, असा हिशेब झाला.

दुसरा निर्णयबिंदू : चार की दोन?

चौघांनाही नवे कार्ड मिळावे, अशी अपेक्षा साहजिकच होती. त्याच रकमेत १६ जीबीची दोनच कार्डे येत होती. दिवसभरात कोण काय करतो हे पाहिले, तेव्हा दोन जण मुख्यतः मॉडेलिंग आणि आराखडे करतात, त्यांना १६६० सुपर पुरते, आणि जड रेंडर शेवटी दोनच टेबलांवरून सुटतात, असे दिसले. भागीदारांनी दोन ४०६० टीआय १६ जीबी घेऊन ती रेंडरच्या संगणकांत बसवली. काढलेल्या दोन १६६० सुपरपैकी एक सुटे म्हणून ठेवले आणि दुसरे विकून टाकले. रेंडरची फाइल सामायिक डिस्कवर ठेवून ती या दोन संगणकांवर रांगेत लावायची, अशी पद्धत ठरली. ज्या दोघांना नवी कार्डे मिळाली नाहीत त्यांची नाराजी काही दिवस जाणवत होती, आणि ती दूर करण्यासाठी रांगेतला क्रम कोण ठरवणार हे स्पष्ट करावे लागले.

परिणाम

सोसायटीचा सीन कार्डवरच पूर्ण होऊ लागला आणि प्रोसेसरवर रात्रभर लावण्याची वेळ पुन्हा आली नाही. सायंकाळची दुरुस्ती त्याच दिवशी दाखवता येऊ लागली.

त्रास अनपेक्षित ठिकाणी झाला. बसवल्यानंतर पहिल्याच वीजखंडात एका टेबलाखालचा यूपीएस जोराने वाजला आणि संगणक बंद झाला. हिशेब असा होता : कार्ड १६५ वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त ८८, बाकी भाग पन्नासएक, म्हणजे ३०३ वॅट. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर भिंतीतून सुमारे ३५६ आणि मॉनिटरचे ३० मिळून ३८६ वॅट. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस ३६० वॅटच पेलतो. ४५० वॅटच्या एसएमपीएसवर कार्ड चालत होते, पण एनव्हिडियाची शिफारस ५५० वॅटची आहे. दोन्ही टेबलांचे यूपीएस १००० व्हीएचे केले आणि एसएमपीएस बदलले. हा खर्च मूळ रकमेत धरलेला नव्हता. पहिल्या तक्त्यात वीजवापराचा रकाना होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पण तो विजेच्या बिलाच्या दृष्टीने वाचला गेला होता.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महत्त्वाची गोष्ट काही महिन्यांनी कळली. नव्या प्रकल्पासाठी तोच सोसायटीचा सीन उघडला असता त्यातली झाडे शिफ्ट-डी वापरून प्रती काढत केलेली आढळली. त्या पद्धतीत प्रत्येक झाडाची भूमिती नव्याने साठवली जाते. ऑल्ट-डीने केलेल्या प्रती एकच भूमिती वाटून घेतात आणि कार्डवर ती एकदाच उतरते. शिवाय कॅमेऱ्यापासून दूरच्या कुंपणालाही ४के टेक्श्चर होते. झाडे जोडून घेतली, सिम्प्लिफाय विभागातील टेक्श्चरमर्यादा २के केली (त्याने प्रत्येक ४के नकाशाची जागा एक चतुर्थांश होते), तेव्हा कमाल मेमरी साडेसहा जीबीच्या आसपास आली. अंतिम चित्रात फरक शोधून काढावा लागत होता.

साडेसहा जीबी हे ८ जीबीच्या कार्डमध्ये, थोड्या अडचणीने का होईना, बसते. म्हणजे ज्या मोजमापाने ४०६० बाद झाले, ते मोजमाप अस्ताव्यस्त सीनचे होते. आधी सीन आवरून मग मेमरी मोजली असती, तर चार ४०६० चा पहिला प्रस्ताव इतक्या सहज फेटाळता आला नसता. त्यात ११५ वॅटमुळे यूपीएसही बदलावा लागला नसता आणि चौघांना नवी कार्डे मिळाली असती. तरुण सहकाऱ्याने हे बोलून दाखवले आणि त्याचे म्हणणे रास्त होते.

तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते १६ जीबीचा निर्णय टिकतो. मुदत दोन दिवसांची असते तेव्हा झाडे आवरायला कोणी बसत नाही, आणि ग्राहकाकडून वा दुसऱ्या कार्यालयाकडून आलेले सीन तर आवरलेले नसतातच. पुढे याच कार्यालयाकडे संपूर्ण वसाहतीच्या विहंगम दृश्याचे काम आले, ते आवरूनही १० जीबीच्या वर गेले. मात्र दोन्ही बाजूंचे मोजमाप, म्हणजे आवरण्याआधीचे आणि नंतरचे, भागीदारांसमोर असते, तर एक १६ जीबीचे आणि बाकी दोन ८ जीबीची असा तिसरा मार्गही चर्चेत आला असता. तो तेव्हा कोणी मांडलाच नाही.

उरलेल्या दोन संगणकांचा प्रश्न २०२५ मध्ये पुन्हा निघाला. त्या वर्षी एप्रिलमध्ये आलेले आरटीएक्स ५०६० टीआय पुन्हा ८ आणि १६ जीबी अशा दोन आवृत्त्यांत, एकाच नावाने आले. मार्ग १२८ बिटांचाच असला, तरी जीडीडीआर७ या नव्या प्रकारच्या मेमरीमुळे वेग सेकंदाला ४४८ जीबी झाला. वीज १८० वॅट. जोडणी पीसीआयई ५.० ची असून लेन आठच आहेत, त्यामुळे बी४५० वर तिला आठ लेनची ३.० वाटच मिळणार. या वेळी तरुण सहकाऱ्याने तक्ता नव्याने केला. त्यातला पहिला रकाना कार्यालयातील पाच सीनच्या आवरलेल्या कमाल मेमरीचा आहे, दुसरा यूपीएसच्या वॅटचा. टेराफ्लॉप्सचा रकाना त्याने ठेवला आहे, शेवटी. मदरबोर्ड बदलायचे की नाही यावर भागीदारांचे अजून एकमत झालेले नाही.